हौशी गटात डिजिटल छायाचित्रण : प्रस्तावना

डिजिटल कॅमेऱ्याने छायाचित्रणातला खर्च आणि खोळंबा या दोन्ही अडचणी दूर केल्या; मात्र त्यामुळे ही कला शिकणेही सोपे झाले असे जे सर्रास म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. फिल्मच्या काळात छत्तीसचा रोल संपेपर्यंत थांबायचे, तो धुवायला द्यायचा, आणि प्रिंट हाती आल्यावर कोणत्या चित्राला कोणते आकडे ठेवले होते हे वहीत टिपलेले असेल तरच चूक कुठे झाली ते उमगायचे. आज चित्र टिपताक्षणी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर दिसते आणि ते टिपताना ठेवलेले सर्व आकडे फाइलमध्ये आपोआप नोंदले जातात. परंतु त्या पडद्यावरून नवशिक्याला फार तर इतके कळते की उजेड पुरला की नाही आणि फोकस लागला की चुकला; चौकटीत काय यायला नको होते, कोणत्या बाजूने दोन पावले सरकायला हवे होते, किंवा मुळात हे चित्र कशाचे आहे, हे त्याला पडदा सांगत नाही. ते सांगायला दुसरा माणूस लागतो, आणि शक्यतो असा की जो त्याच वेळी त्याच जागी उभा राहून तेच दृश्य टिपत होता. शहराशहरांतले हौशी छायाचित्रण-गट नेमकी हीच सोय करतात. प्रस्तुत पुस्तक डिजिटल छायाचित्रणाच्या तंत्राविषयी असले, तरी ते तंत्र अशा गटात शिकले जाते हे गृहीत धरून लिहिलेले आहे, आणि उदाहरणेही प्रामुख्याने पुणे-मुंबई परिसरातल्या गटांच्या नेहमीच्या वाटांवरची घेतली आहेत.

हौशी मंडळींनी एकत्र येऊन छायाचित्रण शिकणे ही गोष्ट इथे नवी नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची प्रक्रिया जाहीर झाली आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तिच्या सभासदांत कंपनी सरकारचे अधिकारी होते, तसे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः छायाचित्रे काढीत. पाठोपाठ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. पुढे मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळवणारे हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गात शिकले. त्या काळी मंडळाची गरज मुख्यतः रसायनांमुळे होती. १८५१ मध्ये पुढे आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्रावण ओतून ती प्रकाशसंवेदी करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची, असा प्रकार होता. मुंबईच्या उन्हाळ्यात काच वाळायला कितीसा वेळ लागणार? परदेशी पुस्तकांतली प्रमाणे इथे जशीच्या तशी चालत नसत, आणि कोणाचे कोणते प्रमाण चालले हे परस्परांना विचारल्याखेरीज गत्यंतर नव्हते. विसाव्या शतकात, १९३७ मध्ये, मुंबईतच ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ उभी राहिली आणि १९५३ मध्ये देशभरातल्या मंडळांना जोडणारी ‘फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी’ स्थापन झाली. या मंडळांत शिकणे म्हणजे मुख्यतः डार्करूममध्ये, लाल दिव्याच्या उजेडात, जाणत्या सभासदाच्या शेजारी उभे राहून शिकणे होते. डार्करूम गेली तशी एकत्र येण्याची ती सक्तीही गेली, आणि म्हणूनच आजचा गट कशासाठी हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

त्यासाठी डिजिटल कॅमेऱ्यात नेमके काय घडते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी जो पहिला हाती उचलता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला, तो अवघ्या दहा हजार बिंदूंचे कृष्णधवल चित्र टिपत असे आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरवायला २३ सेकंद घेत असे. तेव्हापासून तत्त्व तेच राहिले आहे. फिल्मच्या जागी सेन्सर नावाची सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म खाचा असतात, आणि प्रत्येक खाच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात विद्युतभार साठवते. या खाचांना रंग कळत नाही, कळते ते फक्त उजेडाचे प्रमाण. म्हणून प्रत्येक खाचेवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक गाळणी बसवलेली असते. ही मांडणी कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी सुचवली आणि तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल व पाव निळ्या असतात. याचा अर्थ असा की २४ मेगापिक्सेलच्या, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख बिंदूंच्या चित्रात प्रत्येक बिंदूवर तीनपैकी एकच रंग प्रत्यक्ष मोजलेला असतो आणि उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरलेले असतात. ‘कॅमेऱ्यातून जसे आले तसेच’ चित्र दाखवल्याचा अभिमान बाळगणाऱ्या सभासदांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जेपेग या प्रकारच्या फाइलमध्ये हे सर्व अंदाज कॅमेऱ्याने आपल्या मताने पक्के केलेले असतात आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात. ‘रॉ’ फाइलमध्ये मोजमापे कच्च्या स्वरूपात राहतात आणि १४ बिटांच्या नोंदीत १६,३८४ पायऱ्या मिळतात, त्यामुळे सावलीतला तपशील मागाहून उजळता येतो. मात्र पूर्ण पांढरे होऊन गेलेले, गटांच्या बोलीत ‘उडालेले’, भाग रॉमध्येही परत आणता येत नाहीत, कारण ती खाच काठोकाठ भरल्यावर पुढची मोजणीच थांबलेली असते.

चित्राला किती उजेड मिळावा, म्हणजेच एक्सपोजर, हे तीन गोष्टींवर ठरते असे प्रत्येक शिबिरात पहिल्या तासाला सांगतात. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकार, शटर स्पीड म्हणजे सेन्सर किती काळ उघडा राहतो तो वेळ, आणि आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता. यांपैकी तिसरी व्याख्या सोयीची असली तरी बरोबर नाही. आयएसओ १०० वरून ४०० केल्याने सेन्सर प्रकाशाचा एक कणही अधिक गोळा करीत नाही. जो गोळा झाला त्याचीच नोंद चौपट मोठी केली जाते, आणि रेडिओचा आवाज वाढवला की खरखरही वाढते त्याप्रमाणे चित्रातले दाणेही मोठे होऊन दिसू लागतात. अ‍ॅपर्चरचे १.४, २, २.८, ४, ५.६, ८ असे विचित्र वाटणारे आकडेही नवशिक्याला पाठ करायला लावले जातात, वास्तविक ते उलगडून सांगणे अवघड नाही. वर्तुळाचे क्षेत्रफळ निम्मे करायचे तर व्यास सुमारे १.४ ने भागावा लागतो, आणि अ‍ॅपर्चरचा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लांबीत छिद्राचा व्यास किती वेळा बसतो ती संख्या असल्यामुळे प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो. आकडा मोठा तसे छिद्र लहान, हा नेहमीचा गोंधळही त्यातूनच सुटतो.

इतके सर्व पुस्तकातून किंवा व्हिडिओ पाहून शिकता येते. जे त्यातून शिकता येत नाही, त्याचे उदाहरण म्हणून भिगवणची एक सकाळ घ्यावी. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा पुण्यापासून सोलापूरच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवणजवळ पसरलेला आहे, आणि हिवाळ्यात तेथे रोहित, पट्टकादंब, चक्रवाक असे पाहुणे उतरतात व स्थानिक चित्रबलाक आणि शेकाटेही भरपूर असतात. कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून पहाटे निघणाऱ्या होडीत गटातले चार-सहा जण बसलेले असतात. होडी हलत असल्यामुळे ट्रायपॉडचा काही उपयोग नसतो आणि ४०० मिलिमीटरची लेन्स हातात धरूनच काम भागवावे लागते. अशा लेन्सला हाताचा कंप टाळण्यासाठी निदान १/४०० सेकंद शटर ठेवावे असा ढोबळ नियम आहे, पण पक्षी उडताना टिपायचा तर १/१६०० किंवा त्याहून जलद शटर लागते. रोहित जागच्या जागी उडत नाही. तो पाण्यावर धावत, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उठतो, आणि पंखांतला लाल-काळा रंग तेव्हाच उघडा पडतो. ज्याला वाऱ्याची दिशा ठाऊक तो होडीत कोणत्या बाजूला बसायचे ते आधीच ठरवतो. हे ज्ञान बहुतेक वेळा गटातल्या जुन्या सभासदाकडून नव्हे, तर होडी चालवणाऱ्या मच्छीमाराकडून मिळते, आणि तो गटात नसला तरी गटाचा शिक्षकच असतो.

त्याच होडीतली खरी शिकवण मात्र परतल्यावर सुरू होते. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक यंत्र समोर जे दिसते ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालते. म्हणून पांढऱ्या पक्ष्यांनी चौकट भरली तर ते उजेड कमी करते आणि पक्षी मळकट येतात, तर पाण्यात बसलेल्या म्हशींच्या कळपाने भरली तर उजेड वाढवते आणि म्हशी राखाडी होतात. यावरून ‘पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस’ असा तोडगा प्रत्येक गटात प्रचलित आहे, म्हणजे पांढऱ्या विषयासाठी यंत्राच्या अंदाजापेक्षा उजेड मुद्दाम वाढवायचा. आता एकाच मिनिटाला एकाच थव्याची दोघांनी चित्रे घेतली, दोघांनीही ‘प्लस एक’ ठेवले, आणि एकाचे पक्षी शुभ्र आले तर दुसऱ्याचे उडाले, असे घडते. दोन्ही चित्रे पडद्यावर शेजारी ठेवली की कारण दिसते. पहिल्याची चौकट पक्ष्यांनी भरली होती. दुसऱ्याकडे लहान लेन्स असल्याने चौकटीचा बराच भाग गडद पाण्याने व्यापला होता, यंत्राने ते पाणी पाहून आधीच उजेड वाढवला होता आणि त्यावर ‘प्लस एक’ची भर पडली. तोडगा पक्ष्याच्या रंगासाठी नसून चौकटीतल्या एकूण रंगासाठी होता, ही गोष्ट एकट्याने शिकायला अनेक हिवाळे जातात. दोन फाइली आणि त्यांतले आकडे समोर असले की ती चहा निवायच्या आत कळते. गटात शिकण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच, की तिथे एकाच प्रकाशातली, एकाच विषयाची आणि तरीही वेगळी निघालेली चित्रे तुलनेसाठी हाताशी असतात.

तांत्रिक चुकांहून अवघड असते ती चौकटीची परीक्षा. चित्र टिपणाऱ्याला त्या चित्रामागची पहाट, चढण, थंडी आणि प्रतीक्षा आठवत असते, आणि ती सगळी तो नकळत चित्रात पाहतो. दुसऱ्याला फक्त चित्र दिसते. म्हणून ‘क्षितिज पडलंय’, ‘पाय कापलेत’, ‘डोक्यातून खांब उगवलाय’, ‘डोळ्यात चमक नाही’ अशा, ऐकायला कठोर वाटणाऱ्या शेऱ्यांना गटात मोल असते. यांतला शेवटचा शेरा विशेष उपयोगी आहे: माणसाच्या किंवा प्राण्याच्या डोळ्यात प्रकाशाचे लहानसे प्रतिबिंब नसेल तर चेहरा निर्जीव वाटतो, आणि ते हवे असेल तर विषयाला नव्हे, स्वतःला हलवावे लागते, हे एकदा सांगितले की विसरले जात नाही. दुर्दैवाने असे शेरे देणारी बैठक दुर्मीळ होत चालली आहे. बहुतेक गटांत चित्र टाकले की ‘मस्त क्लिक’, ‘अप्रतिम सर’ आणि अंगठ्यांची रांग, इतकेच पदरी पडते. नव्या सभासदाने ज्येष्ठांच्या चित्रातला दोष दाखवणे तर बहुधा उद्धटपणातच गणले जाते. ज्या गटात काका मंडळींच्या चित्रांवरही बोलता येते, तोच गट शिकण्यास योग्य समजावा.

गटाचे दुसरे दोषही लपवण्यात अर्थ नाही. एकत्र पाहणारे डोळे हळूहळू एकसारखे पाहू लागतात. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते, आणि त्या वळणावरून दिसणारी पांढऱ्या पोशाखांची रांग दरवर्षी इतके जण टिपतात की कोणत्या वर्षीचे चित्र कोणते हे छायाचित्रकारालाच सांगता येऊ नये. या गर्दीच्या उलट टोकाला संदेश भंडारे यांच्यासारखे छायाचित्रकार आहेत, ज्यांनी वारी आणि तमाशा या विषयांवर अख्खी पुस्तके केली. एका विषयाला धरून राहिल्यावर जे मिळते ते रविवारच्या सहलींतून मिळत नाही. स्पर्धांमुळेही साचा पक्का होतो. परीक्षकांना काय आवडते याचा अंदाज घेऊन चित्रे काढली जाऊ लागतात, आणि त्यात अवगुण असा नाही, पण ते शिकणे नव्हे. साहित्याची हाव हा तिसरा दोष. नवा सभासद पहिल्या सहलीहून परततो तो प्रकाशाविषयी काही शिकून नव्हे, तर आपली किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळालेली साधी लेन्स, कुचकामी आहे अशी समजूत घेऊन. जे गट आपसांत लेन्स फिरवतात, तिथे हा खर्चाचा उंबरठा पुष्कळ खाली येतो.

मोबाइलवाल्यांना गटात घ्यावे की नाही, हा वाद आता बहुतेक ठिकाणी निकालात निघालेला आहे आणि तो घेण्याच्या बाजूने निघाला हे योग्यच झाले. मोबाइलमधले सेन्सर आकाराने लहान असतात आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मोबाइल एका बटणावर अनेक चित्रे टिपून त्यांचे एक चित्र करतो; परिणामी रात्रीचे दृश्यही स्वच्छ येते. शिकण्याच्या दृष्टीने अडचण एवढीच, की उजेड किती घ्यायचा, काय धूसर ठेवायचे, रंग किती उबदार ठेवायचा हे निर्णय मोबाइल परस्पर घेतो. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत एकीकडे बाहेरून येणारा दिवसाचा उजेड, साधारण ५५०० केल्व्हिनचा, आणि दुसरीकडे गाळ्यावर टांगलेल्या पिवळट दिव्याचा २७०० ते ३००० केल्व्हिनचा उजेड एकाच टोपलीवर पडतो. केल्व्हिन हे प्रकाशाच्या रंगाचे माप असून आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळट. अशा जागी टोमॅटो खरे ठेवायचे की विक्रेत्या मावशींच्या चेहऱ्यावरची ऊब ठेवायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि ठरवायचे आहे हे आधी कळावे लागते. कॅमेऱ्यावर ते हाताने करून पाहिलेला सभासद मोबाइलही अधिक डोळसपणे वापरतो. मावशींना आधी विचारावे आणि प्रिंट नेऊन द्यावी, हे वेगळे सांगायला नको. पण सांगावे लागते.

याच ओघात वर्तनाचा प्रश्न येतो आणि त्यावर या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर, जे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट आहे, जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावर सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती बोटाएवढ्या उंचीवर फुलते. फुलाच्या पातळीवर जाऊन चित्र घ्यावे हे छायाचित्रणातले खरे तत्त्व. मात्र ते पाळण्यासाठी पोटावर झोपणारा एक माणूस अशी शेकडो फुले चिरडतो, आणि वीस जणांचा गट काय करील ते सांगायला नको. वाटेवरच थांबून, फिरता पडदा असलेला कॅमेरा जमिनीलगत धरून किंवा लांब लेन्स वापरून तेच चित्र बऱ्याच अंशी साधते. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांसाठी जाणाऱ्यांनीही हे ओळखावे की काजव्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे परस्परांना दिलेले संकेत असतात आणि विजेरीच्या झोताने ते विस्कटतात. घरट्यातल्या पिलांची चित्रे घेऊ नयेत, पक्ष्यांना ध्वनिमुद्रित हाक ऐकवून जवळ बोलावू नये, या नियमांना तर आता अनेक स्पर्धांनीही मान्यता दिली आहे. एकट्याने केलेली आगळीक कोणाच्या लक्षात येत नाही. गटात ती पाहणारे असतात, अर्थात गटाने पाहायचे ठरवले तर.

पुस्तकाची रचना याच क्रमाने केली आहे. पहिली प्रकरणे प्रकाश, सेन्सर आणि लेन्स यांची, मधली प्रत्यक्ष ठिकाणांची, आणि शेवटची संगणकावरच्या संस्काराची व छपाईची आहेत. ड्रोन आणि स्टुडिओतील छायाचित्रण वगळले आहे, कारण ड्रोनला २०२१ च्या नियमावलीचा स्वतंत्र व्याप आहे आणि स्टुडिओचे शिक्षण गटापेक्षा उमेदवारीनेच होते. परिभाषेबाबत हट्ट धरलेला नाही. सभासद जे शब्द बोलतात तेच वापरून त्यांचा अर्थ पहिल्या उल्लेखाला दिला आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेला सराव किमान तिघांनी मिळून करण्याजोगा आहे: जागा एक, वेळ एक, प्रत्येकी बारा चित्रे, त्यांतली तीन निवडून बैठकीत मांडायची. निवड ज्याची त्यानेच करावी, कारण काय टाकून दिले यातही पुष्कळ कळते. चित्रांमागचे आकडे मात्र चर्चा झाल्यावरच उघड करावेत. आधी दाखवले की बोलणे चित्र सोडून कॅमेऱ्याच्या किमतीवर घसरते, असा सार्वत्रिक अनुभव आहे. ज्या वाचकाच्या गावात असा गट नाही, त्याने निदान एक जोडीदार गाठावा. दोघांनीही बहुतेक सराव नीट होतात, फक्त भिगवणच्या होडीचे भाडे तेवढे माणशी जास्त पडते.